वडगावची लढाई आणि सैनिकी आदेशपद्धती

वडगावची लढाई : पहिल्या इंग्रज-मराठे युद्धातील (१७७५–८२) एक महत्त्वाची लढाई. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील वडगाव येथे ती १२ व १३ जानेवारी १७७९ रोजी मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईचे सैन्य यांच्यात झाली. तीत इंग्रजांचा पराभव होऊन त्यांना तहाची याचना करावी लागली. मराठ्यांच्या इतिहासातील एक उल्लेखनीय विजय म्हणून ही लढाई सर्वपरिचित आहे. युद्धशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. सैन्याला आज्ञा कोणी द्यावी, ती किती तपशीलवार असावी आणि रणभूमीवरील दुय्यम अधिकाऱ्यास स्वतःच्या विचाराने वागण्याची किती मोकळीक असावी, हे सैनिकी नेतृत्वाचे मूलभूत प्रश्न होत. पुढील काळात ब्रिटिश व जर्मन सैन्यांनी त्यांची एकमेकांहून भिन्न उत्तरे दिली. ती सिद्ध होण्यापूर्वीच या प्रश्नांचे बरेवाईट परिणाम बोरघाट ते तळेगाव या चिंचोळ्या पट्ट्यात दिसून आले.

आदेशपद्धतीचे स्थूलमानाने दोन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात वरिष्ठ हा काय करावयाचे याबरोबरच ते कसे, केव्हा व कोणत्या क्रमाने करावयाचे हेही ठरवून देतो. हाताखालील अधिकाऱ्याचे काम बिनचूक अंमलबजावणीचे असते. दुसऱ्या प्रकारात वरिष्ठ हा उद्दिष्ट, त्यामागील हेतू व उपलब्ध साधने एवढेच सांगतो आणि मार्ग निवडण्याचे काम हाताखालच्यावर सोपवितो. यांपैकी पहिल्याकडे ब्रिटिश सैन्याचा दीर्घकाळ कल होता, तर दुसरा प्रकार प्रशियाच्या व नंतर जर्मनीच्या सैन्याने जाणीवपूर्वक जोपासला. दोहोंसाठी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते आणि ती म्हणजे आज्ञा देणारा कोणीतरी एक असतो. मुंबईकर इंग्रजांच्या १७७८ च्या मोहिमेत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

पार्श्वभूमी : नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर (३० ऑगस्ट १७७३) रघुनाथरावास पेशवेपदावर बसविण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांनी सुरतेचा तह केला (मार्च १७७५). बंगालच्या वरिष्ठ सरकारला तो मान्य झाला नाही आणि त्याने पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला (१ मार्च १७७६). एकाच कंपनीच्या दोन सरकारांनी परस्परविरोधी दोन तह करावेत, यातच पुढील गोंधळाचे मूळ होते. सेंट लूबिन हा फ्रेंच हस्तक पुण्यात आल्यामुळे इंग्रजांचा संशय बळावला, पुण्यातील कारभारी मंडळात फूट पडली आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने रघुनाथरावास घेऊन थेट पुण्यावर चालून जाण्याचे ठरविले. रघुनाथराव घाटावर दिसताच मराठे सरदार त्याला येऊन मिळतील, या अपेक्षेवर सारा बेत आधारलेला होता. प्रत्यक्षात एकही मोठा सरदार आला नाही.

समितीचे सेनापतित्व : या मोहिमेत सु. ३,९०० सैनिक होते, त्यांपैकी सु. ६०० यूरोपीय व उरलेले बहुतेक हिंदी शिपाई होते. सामानसुमानासाठी सु. १९,००० बैल होते, म्हणजे एका लढवय्यामागे जवळजवळ पाच बैल. सेनापतिपद सेवाज्येष्ठतेच्या नियमानुसार कर्नल चार्ल्स एगर्टन याजकडे आले. त्याची प्रकृती खालावलेली असून त्याला या देशातील युद्धाचा अनुभव नव्हता. परंतु त्याला पूर्ण अधिकार देण्याचेही मुंबई सरकारच्या मनात नव्हते. सर्व निर्णय तीन जणांच्या समितीने घ्यावेत, असे ठरले. एगर्टनखेरीज मुंबईच्या कौन्सिलचा सभासद जॉन कार्नॅक आणि पुण्यात पूर्वी इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेला टॉमस मॉस्टिन हे तिचे अन्य सभासद होते. मराठ्यांच्या राजकारणाची खरी माहिती मॉस्टिनला होती. पण तो वाटेतच आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी मरण पावला. मागे राहिलेल्या दोघांत मतभेद झाला, तर अध्यक्ष या नात्याने कार्नॅकचे मत निर्णायक ठरे. सैन्याची जबाबदारी एकाकडे आणि निर्णयाची सत्ता दुसऱ्याकडे अशी स्थिती त्यामुळे उत्पन्न झाली. अध्यक्षाला द्यावयाच्या लष्करी मानमरातबावरूनही दोघांत कुरबुर झाली.

नागरी सत्तेचे लष्करावर नियंत्रण असावे, हे तत्त्व चुकीचे नाही. इंग्लंडच्या राज्यघटनेत त्याला मोठे स्थान आहे. मात्र युद्धाचे उद्दिष्ट ठरविण्यापुरते असलेले हे नियंत्रण रोजच्या कूच-मुक्कामापर्यंत नेले, तर काय घडते याचा प्रत्यय पुढील सहा आठवड्यांत आला.

घाटमाथ्यावरील कूच : कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट याच्या आघाडीच्या तुकडीने नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस बोरघाट हस्तगत केला. मुख्य सैन्य त्याच सुमारास पनवेलला उतरले. घाटाची वाट हाती असूनही तोफा व सामान खंडाळ्यास चढविण्यात २३ डिसेंबर उजाडला. पुढचा प्रदेश तसा सपाट आहे. लोणावळ्यापासून पूर्वेकडे इंद्रायणीच्या खोऱ्यातून वाट जाते आणि दक्षिणेस लोहगड व विसापूर, उत्तरेस कार्ल्याच्या लेण्यांची डोंगररांग अशी दोन्ही बाजूंस उंची राहते. अशा ठिकाणी शत्रूला सावध होऊ न देता त्वरेने पुढे जाणे, हाच एक मार्ग होता. एगर्टनने युरोपातील प्रथेप्रमाणे सैन्याचे दोन भाग केले व ते आळीपाळीने थोडेथोडे पुढे सरकत राहिले. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे सु. १३ किमी. अंतर कापण्यास सु. अकरा दिवस लागले. या सावकाश चालीमुळे पुण्याच्या कारभाऱ्यांना फौजा गोळा करण्यास पुरेसा अवधी मिळाला.

कार्ले येथे ४ जानेवारी १७७९ रोजी स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. त्याच्या शौर्यामुळे मराठे त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हणत. शत्रूने दिलेली अशी पदवी इतिहासात क्वचितच आढळते. याच सुमारास एका तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल केय हाही प्राणघातक जखमी झाला. एगर्टनने प्रकृतीच्या कारणास्तव ६ जानेवारीस सेनापतिपद सोडले व ते लेफ्टनंट कर्नल विल्यम कॉकबर्न याच्याकडे आले. मुंबईची वाट मराठ्यांनी रोखल्यामुळे एगर्टनला परतता आले नाही. तो छावणीतच राहिला आणि समितीतील आपली जागाही त्याने कायम ठेवली. अशा रीतीने सेनापती समितीबाहेर व माजी सेनापती समितीत, असा विलक्षण प्रकार झाला.

मराठ्यांचे नेतृत्व : मराठ्यांच्या बाजूस राजकीय सूत्रे नाना फडणीसाकडे आणि रणांगणावरील मुख्य धुरा महादजी शिंदे याच्याकडे होती. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि तोफखान्याचा प्रमुख भिवराव पानसे हे इतर प्रमुख सरदार होत. समोरासमोरची लढाई टाळावी, शत्रूला घाटापासून दूर आत येऊ द्यावे, त्याची रसद व दळणवळण तोडावे आणि वाटेतील दाणावैरण नाहीशी करावी, एवढे धोरण ठरलेले होते. ते कोणी कोठे व कसे अमलात आणावयाचे, हे त्या त्या पथकाच्या सरदाराने पाहावयाचे होते. पानशाच्या तोफा घाटमाथ्यापासूनच इंग्रजांना त्रास देत राहिल्या. घोडदळाच्या टोळ्या कोकणात उतरून पनवेलची वाट बंद करीत होत्या. मावळातील गावे ओस पाडण्यात आली. तळेगाव दाभाडे जाळण्यात आले आणि प्रसंग आलाच, तर चिंचवड व खुद्द पुणेही जाळण्याची तयारी ठेवण्यात आली. राजधानीची राख करण्याची ही सिद्धता मावळातील रयतेला काय पडली असेल, याची इतिहासकारांनी फारशी दखल घेतलेली नाही. पौषाच्या थंडीत घरेदारे व साठवलेले धान्य सोडून डोंगर चढणाऱ्या या लोकांच्या वाट्याला विजयाचे श्रेय मात्र आले नाही.

मराठ्यांच्या या पद्धतीला काही आधुनिक लेखक जर्मन पद्धतीचे पूर्वरूप म्हणतात. हे साम्य वरवरचे आहे. मराठा सरदाराची मोकळीक त्याच्या सरंजामातून, म्हणजे स्वतःच्या मुलखातून व स्वतःच्या पथकातून येत असे. ती त्याला कोणी शिकविलेली नव्हती आणि काढूनही घेता येत नव्हती. म्हणूनच तुकोजी होळकराच्या निष्ठेविषयी नानाला ऐन मोहिमेतही शंका बाळगावी लागली. समान हेतू असेतोवर ही व्यवस्था उत्तम चाले. हेतू भिन्न झाले की, ती एकत्र ठेवणारे दुसरे काही नव्हते.

माघार व तह : इंग्रज सैन्य ९ जानेवारीस तळेगावास पोहोचले. गाव जळालेले होते. पुणे तेथून दोन मजलांवर राहिले होते. छावणीत अठरा दिवस पुरेल एवढा शिधा शिल्लक होता. तथापि समितीने ११ तारखेस माघारीचा निर्णय घेतला. रघुनाथरावाने थोडे थांबण्याविषयी केलेली विनवणी व्यर्थ गेली. रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलण्यात आल्या, सामान जाळण्यात आले आणि अंधारात सैन्य उलट निघाले. महादजीला याची बातमी वेळेवर मिळाली. पहाटेपूर्वीच आघाडीवर गोळीबार सुरू झाला आणि उजाडल्यावर माघार घेणाऱ्या सैन्याला चोहोंकडून घेरल्याचे दिसून आले.

त्या दिवशीची सर्वांत कठीण कामगिरी पिछाडीचा प्रमुख कॅप्टन जेम्स हार्टली याच्याकडे होती. त्याच्या हिंदी शिपायांनी मराठ्यांचे हल्ले मोठ्या धैर्याने परतविले. जागा सोडून मागे येण्याचा हुकूम कॉकबर्नकडून आला, तेव्हा या क्षणी पाठ फिरविणे घातक ठरेल, असे हार्टलीने एका अधिकाऱ्याकरवी कळविले आणि कॉकबर्नने त्याला काहीशी मोकळीक दिली. सैन्य वडगावात पोहोचले ते यामुळेच. तोपर्यंत ठार, जखमी व बेपत्ता मिळून सु. ३५० माणसे कमी झाली होती आणि बाजारबुणगे गावात घुसल्यामुळे सारी व्यवस्था कोलमडली होती. १३ तारखेस मराठ्यांच्या तोफा गावावर चालू लागल्या. आता माघार अशक्य आहे, असे कॉकबर्नने सांगितले. हार्टलीने ती शक्य असल्याचे प्रतिपादून तिची योजनाही मांडली. पण ती नामंजूर झाली.

हार्टलीचे मत बरोबर होते काय, हा प्रश्न विवाद्य आहे. घाटाचा माथा अद्याप २० किमी.हून अधिक दूर होता आणि सैन्याचे मनोधैर्य खचले होते. तरी एवढे निश्चित की, चार दिवसांपूर्वी तळेगावी हेच सैन्य पुढे गेले असते किंवा दिवसाउजेडी, तोफा न टाकता मागे फिरले असते, तर हा प्रश्न उपस्थित झाला नसता. शिपाई अखेरपर्यंत लढत होते. हरली ती समिती.

समितीचा चिटणीस फार्मर याला मराठ्यांच्या छावणीत पाठविण्यात आले. नानाने रघुनाथरावाची मागणी केली. परंतु रघुनाथरावाने आधीच महादजीच्या स्वाधीन होण्याचे ठरविले होते. नंतर होम्स याला पूर्ण अधिकार देऊन महादजीकडे धाडण्यात आले व तहाचा करार झाला (१६ जानेवारी १७७९). १७७३ नंतर घेतलेला साष्टीसह सर्व मुलूख परत करावा, बंगालहून येणारी फौज परत फिरवावी आणि फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्ट्यूअर्ट यांना ओलीस ठेवावे, अशी त्यातील मुख्य कलमे होती. भडोचमधील इंग्रजांचा हिस्सा महादजीस देण्याचे वेगळे आश्वासन देण्यात आले. असा करार करण्याचा आपणांस अधिकार नाही, हे समितीला ठाऊक होते. सैन्य सुखरूप घाट उतरले आणि मुंबई व बंगाल या दोन्ही सरकारांनी करार फेटाळून लावला. एगर्टन, कॉकबर्न व कार्नॅक यांना कंपनीच्या नोकरीतून काढण्यात आले. हार्टलीस बढती मिळून तो लेफ्टनंट कर्नल झाला.

मराठ्यांच्या बाजूचा दोष येथेच उघड होतो. हाती सापडलेले सैन्य सोडून देताना कलमे पाळली जातील याची खातरजमा झाली नाही. नाना व महादजी यांचे हिशेब वेगवेगळे होते आणि इंग्रजांनी त्याचा लाभ उठविला. रघुनाथराव महादजीच्या ताब्यातून काही महिन्यांतच निसटून पुन्हा इंग्रजांच्या आश्रयास गेला. सालबाईच्या तहात (१७ मे १७८२) साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

गॉडर्डची दोन उदाहरणे : बंगालच्या सरकारने काल्पीहून मुंबईच्या मदतीस धाडलेल्या फौजेचा सेनापती लेस्ली बुंदेलखंडातील भांडणांत गुंतून राहिला आणि ऑक्टोबर १७७८ मध्ये मरण पावला. त्याच्या जागी आलेला कर्नल टॉमस गॉडर्ड बऱ्हाणपुरास पोहोचला, तेव्हा त्याला वडगावच्या समितीची परस्परविरोधी पत्रे मिळाली. एका पत्रात पुढे येऊ नये असे होते, तर दुसऱ्यात ते पत्र जमेस धरू नये असे. घडले काय याचा उलगडा दोहोंतून होत नव्हता. बंगालला विचारून उत्तर येण्यास कित्येक आठवडे लागले असते. आपल्याला कशासाठी पाठविले आहे एवढेच ध्यानात ठेवून गॉडर्ड ६ फेब्रुवारीस निघाला आणि सु. तीन आठवड्यांत सुरतेस दाखल झाला. पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांची सत्ता त्या वर्षी वाचली, ती बव्हंशी या निर्णयामुळे. उद्दिष्टानुसार वागणारा अधिकारी म्हणजे काय, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण प्रशियाच्या इतिहासातही सहज सापडणार नाही.

तथापि याच गॉडर्डने दोन वर्षांनी बोरघाट घेतला (फेब्रुवारी १७८१), तेव्हा त्याच्यावर कोणतीही समिती नव्हती. नाना वाटाघाटीस येईल या आशेने तो घाटमाथ्यावर थांबून राहिला. हरिपंत फडके, तुकोजी होळकर व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी पनवेलची वाट पुन्हा तोडली आणि एप्रिलमध्ये चारशेहून अधिक माणसे गमावून गॉडर्डला परतावे लागले. एकहाती नेतृत्व आवश्यक असले, तरी पुरेसे नसते. मावळची भूमी व मराठ्यांचे घोडदळ यांचा हिशेब ज्याला मांडता आला नाही, त्याचे अधिकार कितीही व्यापक असोत, परिणाम तोच झाला.

ब्रिटिश परंपरा : वडगावच्या अनुभवाने इंग्रज एक गोष्ट शिकले. दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाच्या प्रारंभी (१८०३) आर्थर वेलस्ली याला दख्खनमधील लष्करी व राजकीय असे दोन्ही अधिकार एकत्र देण्यात आले. त्याने बैल व रसद यांची व्यवस्था स्वतः पाहिली आणि असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) स्वतःच्या नजरेखाली लढविली. महादजीने सॅव्हॉयचा सेनानी द ब्वान्य याच्याकरवी उभारलेल्या कवायती पलटणी तेव्हा दौलतराव शिंद्याकडे होत्या. त्यांचे असई येथील नेतृत्व पोलमन याच्याकडे होते. हा जन्माने हॅनोव्हरचा जर्मन. पण जर्मन पद्धती म्हणून जी प्रसिद्ध आहे ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. वेलस्लीने नेतृत्व एकवटले, ते मात्र एका व्यक्तीच्या ठायी. दुय्यम अधिकाऱ्यांनी आपणहून काही करावे हे त्याला रुचत नसे आणि त्याच्या यशामुळे ब्रिटिश सैन्यात हीच वृत्ती रुजली. १९०९ च्या ब्रिटिश युद्धसेवा नियमावलीत दुय्यम अधिकाऱ्यास मोकळीक द्यावी असे तत्त्व होते. परंतु सॉमच्या लढाईत (१ जुलै १९१६) पायदळाच्या हालचाली तोफखान्याच्या वेळापत्रकाशी जखडलेल्या होत्या व पहिल्याच दिवशी ५७,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक हताहत झाले. नवशिक्या स्वयंसेवकांच्या सैन्याला याहून मोकळे आदेश पेलले नसते, असे समर्थन केले जाते आणि ते सर्वस्वी निराधार नाही.

जर्मन परंपरा : येना येथे नेपोलियनकडून झालेल्या दारुण पराभवानंतर (१४ ऑक्टोबर १८०६) शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ प्रभृतींनी प्रशियाच्या सैन्याची पुनर्रचना केली. बर्लिनच्या युद्धविद्यालयात व जनरल स्टाफमध्ये तयार झालेले अधिकारी एकाच रीतीने विचार करू लागले. त्यामुळे थोडक्या शब्दांतील आदेशही पुरेसा होऊ लागला. थोरल्या मोल्टकेने १८६६ व १८७० च्या युद्धांत आपल्या सेनानींना तपशीलवार हुकमांऐवजी निर्देश दिले. शत्रूशी पहिली गाठ पडल्यानंतर कोणतीच योजना जशीच्या तशी टिकत नाही, हे त्याचे मत प्रसिद्ध आहे. १८८८ च्या पायदळ नियमावलीत आणि १९३३ च्या युद्धसंचालन नियमावलीत ही कार्याधिष्ठित आदेशपद्धती (आउफ्ट्राग्सटाक्टिक) पक्की झाली. परिस्थिती बदलली असता जुन्या हुकमाला चिकटून राहणे हाही येथे दोष मानला जाई. वरिष्ठाशी वाद घालणाऱ्या हार्टलीला या सैन्यात अपवाद मानले गेले नसते.

जर्मन पद्धतीचा गौरव करताना तिच्या मर्यादा विसरल्या जातात. मार्नच्या लढाईत (सप्टेंबर १९१४) धाकट्या मोल्टकेने लेफ्टनंट कर्नल हेंच या दुय्यम अधिकाऱ्यास तोंडी सूचना देऊन आघाडीवर पाठविले. त्याचे अधिकार नेमके किती, हे स्पष्ट नव्हते; त्याच्या शब्दावरून जर्मन सैन्याच्या उजव्या बगलेने माघार घेतली. अधिकार अस्पष्ट असले की, समिती असो की विश्वासू दूत, परिणाम वडगावसारखाच होतो. शिवाय ही पद्धती रणांगणापुरती होती. युद्ध कशासाठी करावे याचा विवेक तिने अधिकाऱ्यांना दिला नाही. १९४१ नंतर हिटलर स्वतः लहानसहान तुकड्यांच्या हालचाली ठरवू लागला, तेव्हा ती रणांगणावरही क्षीण झाली. ब्रिटिश सैन्याने मात्र १९८० नंतरच्या दशकात हीच पद्धती अधिकृत रीत्या स्वीकारली.

भारतीय सैन्याला वारसा मिळाला तो ब्रिटिश पद्धतीचा. तरी १९७१ च्या बांगला देशाच्या युद्धात लेफ्टनंट जनरल सगतसिंग याने मिळालेल्या कामगिरीच्या पलीकडे जाऊन हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने मेघना नदी ओलांडली व डाक्क्याचा मार्ग खुला केला. ब्रिटिश पठडीत वाढलेला सेनानीही प्रसंगी हेतू ओळखून वागू शकतो, हे यावरून दिसते.

लढाईचे स्थळ : वडगाव हे आज मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण असून तेथे महादजी शिंदे याचे स्मारक आहे. इष्टूर फाकड्याची आठवणही मावळात टिकून आहे व त्याच्या नावाचे स्मारक वडगावी दाखविले जाते. ज्या बोरघाटाने इंग्रजांच्या तोफांना महिनाभर अडविले, त्यातून १८३० मध्ये गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये लोहमार्ग झाला. मुंबई-पुणे मार्गावरून जाणारा प्रवासी खंडाळा ते तळेगाव हा टप्पा आता तासाभरात ओलांडतो. एगर्टनच्या सैन्याला त्यासाठी अठरा दिवस लागले होते.